पेठ सोडलेला विंगर

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माझ्या शाळूसोबत्याने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या ग्रुपवर लिहिलं, 'ज्यांनी देश सोडला त्यांच्या पोरांना देशाची जर्सी कशाला? भाडोत्री गडी आणून संघ होत नसतो.' निमित्त होतं रायन विल्यम्सला भारताच्या फुटबॉल संघात बोलावल्याचं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये जन्मलेला हा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने हल्ला करणारा खेळाडू. फुलहॅम, बार्न्सली, रॉदरहॅम, पोर्ट्समथ, ऑक्सफर्ड अशा इंग्लंडमधल्या क्लबांतून खेळून 2023 मध्ये बंगळुरू एफसीत आला. आई मुंबईची अँग्लो-इंडियन, आजोबा 1950 च्या दशकात संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले. त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट परत केला आणि भारताचा घेतला. म्हणजे आपला कायदा जेवढं मागतो तेवढं सगळं त्याने दिलं. तरी भाडोत्री! आणि त्या मेसेजखाली अंगठ्यांची ही रांग.

मला राग आला तो यासाठी की हाच मित्र शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडतो. आमच्या तालमींच्या संघांनी आफ्रिकेतून खेळाडू आणलेले त्याने पाहिलेत. त्यांच्या गोलवर तो नाचलाय, त्यांना खांद्यावर घेतलंय. तेव्हा भाडोत्री कुणी नव्हतं. बाहेरचा आत आला तर चालतो. आतला बाहेर जाऊन, किंवा त्याचा पोरगा, पुन्हा आत यायला लागला की मात्र निष्ठेचा दाखला मागायचा. मला हे पटत नाही. ते माझ्याबद्दलही आहे हे मला कळतं, म्हणूनच जास्त लागतं.

मी नेदरलंड्समध्ये आइंडहोवनला राहतो. इथल्या पीएसव्ही क्लबात 2024 च्या सप्टेंबरमध्ये क्रोएशियाचा विंगर इव्हान पेरिशिच आला तेव्हा तो पस्तिशीचा होता आणि गुडघ्याची मोठी दुखापत भोगून आलेला. ऑफिसातल्या डच लोकांनी भुवया उंचावल्या. मला मात्र भारी आनंद झाला, कारण ह्या माणसाचा प्रवास मी बरीच वर्षं बघत आलोय. पेठ सोडली की माणूस संपतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो एकदा वाचावा.

क्रोएशियाच्या किनाऱ्यावर स्प्लिट हे शहर आहे. तिथला क्लब हायदुक, 1911 चा. फुटबॉलचं वेड असं की कोल्हापूरकराला तिथे परकं वाटणार नाही. पेरिशिच तिथलाच, हायदुकच्या ज्युनिअर संघात वाढलेला. वडिलांचा कोंबड्यांचा फार्म होता, पोरगा तिथे राबायचा, म्हणून त्याला नावच पडलं 'कोका', म्हणजे कोंबडी. पुढे धंदा अडचणीत आला. 2006 मध्ये, सतराव्या वर्षी, हायदुकच्या पहिल्या संघाची जर्सी एकदाही न घालता तो फ्रान्समधल्या सोशो क्लबात गेला. गावात काय बोललं गेलं असेल ते मला कुणी सांगायची गरज नाही.

आणि सोशोत काय झालं? काहीच नाही. दुसऱ्या संघात खेळत बसला, लीगचा एक सामना मिळाला नाही. मग 2009 मध्ये बेल्जियमच्या रूसेलारेला उसना गेला, म्हणजे करार सोशोचाच, खेळायचं काही काळ दुसऱ्या क्लबाकडून. रूसेलारे इथून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. छोटं, नीटनेटकं गाव, जिथे कुणी मुद्दाम जात नाही. विसाव्या वर्षी तिथे खेळणाऱ्या पोराकडे बघून कुणीही म्हणालं असतं, घरीच राहिला असता तर बरं झालं असतं. ही मधली वर्षं आपल्याकडे कुणी मोजत नाही. आपल्याला फक्त बातमी दिसते.

तिथून क्लब ब्रुगेने त्याला उचललं. 2010-11 च्या मोसमात 22 गोल, बेल्जियमच्या लीगमधले सर्वांत जास्त, आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मग जर्मनीतला डॉर्टमुंड. तिथे चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या, पहिल्याच सामन्यात आर्सेनलविरुद्ध शेवटच्या मिनिटांत बॉक्सबाहेरून मारलेली ती व्हॉली अजून बघावी. 2012 मध्ये लीग आणि कप दोन्ही. पण त्याला खेळायला कमी मिळत होतं, तो जाहीर बोलला, ते प्रशिक्षक क्लॉपना रुचलं नाही, आणि जानेवारी 2013 मध्ये तो वोल्फ्सबर्गला गेला. तिथे 2015 चा जर्मन कप जिंकला, अंतिम सामन्यात समोर डॉर्टमुंडच. त्याच वर्षी इटलीतला इंटर मिलान.

इंटरचा भाग मला सर्वांत आवडतो. 2019 मध्ये कोन्ते प्रशिक्षक आले. त्यांच्या पद्धतीत विंगरला जागाच नव्हती. बाजूच्या खेळाडूने अख्खी पट्टी एकट्याने सांभाळायची, पुढे हल्ला आणि मागे बचाव. पेरिशिचकडून ते होणार नाही असं ठरलं आणि त्याला जर्मनीतल्या बायर्न म्युनिकला उसना देऊन टाकला. त्या एका वर्षात बायर्नने लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकलं. बार्सिलोनाला 8-2 हरवलं त्यात एक गोल त्याचा. मग तो परत त्याच कोन्तेंकडे आला, आणि ज्या कामासाठी नालायक ठरला होता तेच काम बत्तिसाव्या वर्षी शिकला. 2021 मध्ये इंटरने 11 वर्षांनी लीग जिंकली तेव्हा डावी पट्टी बहुतेक वेळा त्याच्याकडेच होती. पुढच्या वर्षी कपच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत युव्हेंटसला दोन गोल त्याचेच. एका जागी बसून राहिलेल्या माणसाला हे शिकावं लागत नाही. पाच देशांत पाच प्रकारचे प्रशिक्षक झेललेल्याला शिकावंच लागतं.

माझ्या मित्राचा खरा प्रश्न असा, की हे सगळं त्याने कुणासाठी केलं? तर 11 जुलै 2018, मॉस्को, वर्ल्ड कपची उपांत्य फेरी. इंग्लंड 1-0 ने पुढे. अडुसष्टाव्या मिनिटाला उजवीकडून व्रसाल्कोचा क्रॉस येतो. काइल वॉकर हेडर मारायला वाकलाय, चेंडू त्याच्या कपाळावर बसणार एवढ्यात मागून एक डावा पाय त्याच्या डोक्याच्या उंचीला येतो आणि चेंडू जाळीत. तो पाय पेरिशिचचा. थोड्याच वेळात त्याने पोस्टला मारला. जादा वेळेत त्याच्याच डोक्यावरून मागे आलेल्या चेंडूवर मांजुकिचने विजयी गोल केला. चार दिवसांनी फ्रान्सविरुद्ध अंतिम सामन्यात पुन्हा त्याचा गोल, आणि दहाच मिनिटांत त्याच्याच हाताला लागलेल्या चेंडूवर फ्रान्सला पेनल्टी. क्रोएशिया 4-2 ने हरला. सतराव्या वर्षी घर सोडलेल्या पोराने देशाला वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये नेलं होतं. पेनल्टीचा डाग त्याने तिथेच सोसला.

त्या संघात राकितिच होता, स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला. कोवाचिच लिंझचा, म्हणजे ऑस्ट्रियाचा. लोव्रेन बोस्नियात जन्मला, जर्मनीत वाढला. देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत, आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. त्यांना माणसं मोजूनमापून वापरावी लागतात, म्हणून ते बाहेर गेलेल्यांची पोरंसुद्धा आपली मोजतात. बाहेरच्या क्रोएशियनांसाठी त्यांच्या संसदेत तीन जागा आहेत. आपल्याकडे माणसं भरपूर, म्हणून कुणाचीच किंमत नाही, असं कधीकधी वाटतं.

18 नोव्हेंबर 2025 ला आपण ढाक्यात बांगलादेशकडून 1-0 हरलो. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरने हरवून आशिया कपचा रस्ता बंद केलाच होता. त्याच 18 तारखेला कुरासाओ वर्ल्ड कपला पात्र ठरलं. कॅरिबियनमधलं दीड लाख वस्तीचं बेट, आणि संघातली जवळजवळ सगळी पोरं इथे, नेदरलंड्समध्ये जन्मलेली. कुरासाओ नेदरलंड्सच्याच राज्याचा भाग आहे, पासपोर्ट एकच आहे, त्यांना आपल्यासारखी अडचण नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुरासाओचे सहकारी एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी ग्रुपवर भाडोत्रीपणाचा वाद वाचत होतो.

आपल्याकडेही अपवाद झालेत. अराता इझुमी, वडील भारतीय, आई जपानी. पुणे एफसीकडून खेळला, जपानचं नागरिकत्व सोडलं आणि 2013 मध्ये भारताकडून उतरला. बाकी 2008 पासून नियम एकच, पासपोर्ट नाही तर जर्सी नाही. नियम आहे तर पाळावा. पण नियम पाळून आलेल्यालाही टोमणा मारायचा असेल तर अडचण नियमाची नाही, मनाची आहे.

आणि बाहेर जाणाऱ्यांचं काय? कोल्हापूरचा अनिकेत जाधव बघा. लहानपणी घर सोडून पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला, 2017 चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, ब्लॅकबर्नला काही महिने सरावाला जाऊन आला. सगळ्या कोल्हापूरला त्याचा अभिमान आहे, मलाही. पण असे किती? पेठेतला चांगला पोरगा पेठेतच राहावा, दर मोसमात पाटाकडील की खंडोबा की दिलबहार, यांपैकी कुठल्या तालमीचा संघ, एवढाच प्रश्न असावा, यात आपल्याला सुख वाटतं. मलाही वाटायचं. इथे शनिवारी सकाळी पावसात सात वर्षांची पोरं वेळेवर मैदानावर असतात, रेफ्री कुणाचा तरी बाप असतो, आणि कुठलं पोर कधी क्लब बदलतं याची कुणी चर्चा करत नाही. बदललं तर बदललं. आपल्यापेक्षा हे बरं आहे, असं मी स्पष्ट म्हणतो, मित्राला आवडो न आवडो.

तो मला हायदुकचं सांगेल, मला माहीत आहे. 2024 च्या जानेवारीत पेरिशिच घरी परतला होता. ज्या क्लबची जर्सी पोरपणी राहून गेली ती चौतिसाव्या वर्षी अंगावर घातली. 2005 नंतर लीग न जिंकलेल्या क्लबात तो आला म्हणून शहर वेडं झालं. पण उन्हाळा संपता संपता करार तुटला आणि तो इकडे आला. बघ, पुन्हा पळाला, असं म्हणणारे स्प्लिटमध्येही असतील. मी मात्र स्टेडियममध्ये बसून बघितलंय. डाव्या कोपऱ्यातून उजव्या पायाने आणि उजव्या कोपऱ्यातून डाव्या पायाने कॉर्नर मारणारा माणूस. समोरच्या बॅकला कळत नाही की हा आतून जाणार की बाहेरून. 2025 च्या फेब्रुवारीत युव्हेंटसला पहिला गोल त्याचा. मे महिन्यात शेवटच्या दिवशी रॉटरडॅममध्ये स्पार्टाविरुद्ध पीएसव्हीने डच लीग जिंकली तेव्हाही पहिला गोल त्याचाच. घरी बसून राहिला असता तर स्प्लिटला काय मिळालं असतं?

हे सगळं लिहिताना मी पेरिशिचचं वकीलपत्र घेतलंय खरं, पण त्याच्यात आणि माझ्यात एक मोठा फरक आहे. तो सात देशांत खेळला आणि पासपोर्ट क्रोएशियाचाच राहिला. क्रोएशिया युरोपीय संघात आहे, त्याला आता आयएनडीच्या, म्हणजे इथल्या परदेशी नागरिकांच्या खात्याच्या, रांगेत उभं राहावं लागत नाही. मी उभा राहिलो. परीक्षा दिली, गेमेन्टेत, म्हणजे नगरपालिकेत, समारंभाला शपथ घेतली, आणि भारताचा निळा पासपोर्ट भारतीय दूतावासात जमा केला. दोन्ही ठेवायची सोय ना इकडे होती ना तिकडे. त्या दिवशी संध्याकाळी बायकोने पुरणपोळी केली होती, आणि मला ती गोड लागली नाही. आता माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. कोल्हापुरात घर ठेवू शकतो, मतदान करू शकत नाही. पंचगंगेला पूर आला की मी रात्री तीनला उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. त्याला कुणी निष्ठा म्हणावं अशी माझी मागणी नाही, पण ते मी थांबवूही शकत नाही.

माझी मुलगी फेल्डहोवनच्या क्लबात डाव्या विंगवर खेळते. इथेच जन्मली, मराठी बोलते, कोल्हापुरी हेल काढून. भारताचा सामना आम्ही दोघं लॅपटॉपवर बघतो. ढाक्याच्या सामन्यानंतर तिने विचारलं, बाबा, मला घेतील का? मी तिला नियम सांगितला, इझुमीचा आणि विल्यम्सचा. ती म्हणाली, म्हणजे नेदरलंड्सचा पासपोर्ट सोडायचा? मी हो म्हटलं. सोडायचा की नाही ते तिचं ती ठरवेल, आणि सोडला तर तिच्या अंगावरच्या जर्सीबद्दल माझ्या मित्राने एक शब्द काढलेला मी ऐकून घेणार नाही. या उन्हाळ्यात तिला घेऊन कोल्हापूरला येतोय. ग्रुपवर तसं कळवलंय, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर हा वाद समोरासमोर घालू, असंही.