टिश्यू कल्चरची केळी आणि वासराचं रक्त

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी खंडेराव मार्केटात भेटलेल्या मावशींच्या तोंडीही तोच. "लारीवरची टिश्यू कल्चरची केळी मुलांना देऊ नका. जीन बदलून त्यांतलं बी काढलंय. लॅबमध्ये त्यांना वासराचं रक्त पाजतात. हार्मोनमुळे मुलींना लवकर पाळी येते. आणि एक रोग आला की सगळी बाग जाते." एकादशीला सासूबाईंनी ताटातलं केळं बाजूला सारलं, तेव्हा मी लिहायला बसले. बडोद्याजवळच्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं हीच रोपं करते आहे.

बी कुणी काढलेलं नाही. रानकेळ्यात टणक बिया ठासून भरलेल्या असतात. आपण खातो त्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यांची जोडी नीट लागत नाही आणि बी धरत नाही. अशी झाडं माणसाने हजारो वर्षांपूर्वी निवडली आणि मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, लावून जपली. आजोबांच्या परसातल्या केळीलाही बी नव्हतंच. आम्हीही मुनवाच घेतो. सोलत सोलत आतला कोवळा कोंब काढतो, निर्जंतुक करून बाटलीत ठेवतो, फुटवे आले की वेगळे करून पुन्हा बाटलीत. कलम करताना जेवढी जनुकं बदलतात, तेवढीच इथे, म्हणजे मुद्दाम एकही नाही. बाहेरचं जनुक घातलेला कापूस आपल्याकडे २००२ पासून आहे. तसं केळं आपल्या बाजारात नाही.

वासराच्या रक्ताचं मात्र कुणाच्या तरी कानावर काहीतरी खरं आलेलं आहे. प्राण्यांच्या पेशी वाढवताना गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, बऱ्याच ठिकाणी वापरतात. माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींवर रेबीजची लस तयार होते, ते काम या जातीचं. त्या पेशींना ३७ अंश तापमान लागतं आणि वाढीच्या सूचना बाहेरून द्याव्या लागतात. वनस्पतीच्या पेशीला ते सीरम लागतच नाही. आमच्या बाटलीत मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेलं मिश्रण असतं: क्षार, थोडी जीवनसत्त्वं, लिटरला सुमारे ३० ग्रॅम साखर, आणि घट्ट करायला समुद्री शेवाळातला अगर. ते १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, शिजवतो. उपासाला चालणार नाही असं त्यात काही नाही, हे मी सासूबाईंना शपथेवर सांगितलं.

हार्मोन आम्ही घालतो, ते लपवायचं कारण नाही. लिटरला काही मिलिग्रॅम. त्यातलं सायटोकायनिन फुटवे आणतं, ऑक्झिन मुळं आणतं. याच जातीची द्रव्यं प्रत्येक झाड स्वतः बनवतं; नारळपाण्यात सायटोकायनिन असतात म्हणून जुन्या लॅबमध्ये माध्यमात नारळपाणीच घालत. माणसाच्या पाळीशी संबंध असलेलं इस्ट्रोजेन ही रेणू म्हणूनच वेगळी गोष्ट. शिवाय बाटलीतून निघतं ते काही सेंटिमीटरचं रोप. ते शेडमध्ये रुळतं, शेतात जातं, जवळजवळ वर्षभर माती, पाणी, ऊन घेऊन माणसाहून उंच होतं आणि मग घड देतं. बोटभर रोपातला तो अंश शिकरणाच्या वाटीपर्यंत कसा येणार? मुलींच्या पाळीची काळजी वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा, पण त्या वयाच्या मुलीच्या हातून केळं काढून घेऊ नका.

शेवटचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. एकाच वाणाची बाग रोगाला सोपी, आणि हे मुनव्यांच्या बागेलाही तितकंच लागू. उलट मुनव्यांबरोबर मातीतली बुरशी आणि सूत्रकृमी येतात, बाटलीतलं रोप त्यांपासून सुटतं. विषाणू मात्र पेशीच्या आत बसतो. पर्णगुच्छ हा विषाणूचा रोग झालेल्या झाडाचा कोंब घेतला, तर एका चुकीची हजारो रोपं होतात. म्हणूनच मातृवृक्षाची, म्हणजे ज्याचा मुनवा घेतो त्या झाडाची, विषाणू तपासणी करतात, आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन व्यवस्थाही त्यासाठीच आहे. नर्मदाकाठचे शेतकरी रोपं न्यायला येतात तेव्हा भाव विचारतात, गाडी कधी सुटेल विचारतात. मातृवृक्ष तपासला होता का आणि त्याचा कागद कुठे आहे, हे फार थोडे विचारतात.