बालवाडीत शिकवता तरी काय?

परवा एक बाबा ॲडमिशनच्या चौकशीला आले होते. फी ऐकली, भिंतीवरचे हत्ती-घोडे बघितले आणि अगदी सहज विचारलं, "पण मॅडम, नर्सरीत शिकवता तरी काय? खेळायलाच तर येतात ना?" राग नाही आला. २०२० मध्ये हा प्रश्न रोज ऐकलाय. तेव्हा तो फी का भरायची, या अर्थाने यायचा.

मी ठाण्यात, कोपरीला बालवाडीत शिकवते. अठरा वर्षं झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जुलैत सरकारने पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटं ऑनलाइन मान्य केली, तीही मुख्यतः पालकांशी बोलायला. त्यातली दहा मिनिटं "आजी, माईक बंद करा" यात जायची. बडबडगीत सुरू केलं की चौदा घरांतून ते चौदा वेळांना ऐकू यायचं. टाळी माझी आत्ता, त्यांची मग.

एकदा एका साडेतीन वर्षांच्या पिल्लाने मोसंबं थेट कॅमेऱ्यापुढे धरलं. "बाई, सोलून दे ना." मी हात पुढे केला. खरंच केला, बोटं काचेला लागली. मागून आईने येऊन सोलून दिलं, तर पठ्ठ्याने फोड तोंडात घेतली नाही.

हेच शिकवतो आम्ही, बाबा. डबा उघडून देणं, चेन लावून देणं, शू झाली तर चारचौघांत त्याला लाज वाटू न देता चड्डी बदलणं. घरच्यांशिवाय जगात आणखी एक मोठं माणूस आपलं आहे, हे पोराला यातून कळतं. मग ते तोंड उघडतं. अक्षरं त्याच्या पुढे. आणि हे सगळं अंगाला अंग लागून होतं, त्यामुळे महामारीत पहिला घाव आमच्याच कामावर बसला.

जूनपासून पगार अर्धा, दिवाळीनंतर बंद. संचालकांना सगळा दोष देत नाही, गाळ्याचं भाडं त्यांनाही चुकलं नव्हतं. पण एक फोन करून "कशा आहात" विचारायला भाडं पडत नाही. आमच्यातल्या एकीने घरात अडकलेल्या पेशंटना डबे द्यायला सुरुवात केली, ती परत आलीच नाही. आज तिच्याकडे पोळ्या लाटायला तीन बायका आहेत आणि कमाई माझ्या दुप्पट. शहाणी निघाली.

माझी मोठी जाऊ कळव्यात अंगणवाडी सेविका. तिला तर घरी बसायचीही सोय नव्हती. मुलं अंगणवाडीत येत नाहीत म्हणून डाळ-गव्हाची पाकिटं वाटा. सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चं सर्वेक्षण, हातात ऑक्सिमीटर आणि ती तापाची बंदूक. सोसायटीचे वॉचमन तिला गेटवरच थांबवायचे, तीच आजार घेऊन आल्यासारखे. पुढे पोषण ट्रॅकर ॲप आलं, इंग्रजीतलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, त्यात हीसुद्धा होती. एवढं करून जे मिळतं त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

माझं खरं भांडण वेगळंच आहे. दारूची दुकानं मे २०२० मध्ये उघडली, मॉल ऑगस्टमध्ये. आमचं कुलूप निघायला २०२२ उजाडलं. तीन वर्षांच्या पोराला 'अंतर ठेव' सांगता येत नाही, मान्य. लाटा आल्या, तेही मान्य. पण मधल्या महिन्यांत पाच-पाच मुलं घेऊन सोसायटीच्या बागेत, चाळीच्या पटांगणात बसता आलं नसतं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली होती. आम्ही अंगण विसरलो आणि झूमची लिंक पाठवत बसलो. मीही त्यातलीच.

उघडलं तेव्हा चार वर्षांची मुलं आली ती मोबाईल समोर नसेल तर घास न गिळणारी. दुसऱ्या मुलाने खेळणं घेतलं की काय करायचं हेच माहीत नाही, नुसती बघत उभी राहायची. 'शाळा'चं 'शाला' बऱ्याच जणांचं. 'ळ' म्हणताना जीभ कुठे वळते हे दाखवायचं तर माझ्या तोंडावर मास्क. शेवटी मी खिडकीबाहेर जाऊन उभी राहायचे, मास्क काढायचे आणि काचेतून "बाळ, फळ, खेळ" म्हणून दाखवायचे. रस्त्यावरचे लोक बघत जायचे, बाईंना काय झालंय म्हणून.

एवढं सगळं त्या बाबांना सांगितलं नाही. "उद्या सकाळी तासभर येऊन बसा, बघा," म्हटलं. अजून आलेले नाहीत. दोन जागा शिल्लक आहेत, कोणाला हव्या असतील तर इनबॉक्स करा.