आईची सायकल

आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बातुमीला महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळी होती. मग राज्य सरकारने तिला ३ कोटी रुपये दिले आणि वाद पेटला. दादा म्हणाला, कमीच दिले. काका म्हणाले, तेवढ्यात पोरांसाठी काही उभं राहिलं असतं. त्यात वहिनीची एक ओळ कुणी वाचलीच नाही: "आपल्या पोरीची सायकल बंद केली आता, दहावी आहे ना."

वहिनीची ही मुलगी, माझी भाची, दोन वर्षं पहाटे नागपुरातल्या धरमपेठेतून फुटाळा तलावापर्यंत सायकल मारायची. आता ती सायकल गॅलरीत जुन्या चादरीखाली उभी आहे.

मी दहा वर्षांपासून मँचेस्टरला आहे. इथला वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान, १९९४ पासूनचा, २५० मीटरचा लाकडी ट्रॅक. पैसे भरून सायकल भाड्याने घेता येते म्हणून एकदा मीही उतरले. सायकलला ब्रेक नाही, आणि चाक फिरतंय तोवर पायडल थांबत नाही. वळणावर ट्रॅक सुमारे ४२ अंशांनी चढतो. खालून बघितलं तर भिंतच. वेग कमी केला की घसरलात. भीती वाटली की जोरात मारायचं, हे पायांना पटायला मला तासभर लागला. माझ्या पुढे साठीतल्या एक बाई शांतपणे फेऱ्या मारत होत्या.

ब्रिटनची सायकलपटू लॉरा केनी याच ट्रॅकवर घडली. लंडन, रिओ आणि टोकियो मिळून ऑलिंपिकची ५ सुवर्णं. जन्मली तेव्हा तिचं एक फुप्फुस आकसलेलं होतं, पुढे दमा. सायकल घरात आली ती आईमुळे. आईला वजन कमी करायचं होतं, ती सायकल चालवायला लागली आणि दोन्ही मुली तिच्या मागे निघाल्या. मला या सगळ्या कारकिर्दीत सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

"लग्न झालं की सुटतंच," असं आमच्या आत्या म्हणतात. लॉराला २०१७ मध्ये मुलगा झाला आणि टोकियोचं सुवर्ण त्यानंतरचं. पुढे तिचा गर्भपात झाला, दोनच महिन्यांनी गर्भनलिकेतल्या गर्भामुळे ऑपरेशन झालं, आणि त्याच वर्षी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, तिने लंडनच्या ट्रॅकवर राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं. दुसऱ्या मुलानंतर, २०२४ मध्ये, मुलांना घरी सोडून जाववत नाही म्हणून तिने खेळ सोडला. सोडायची वेळ तिने स्वतः ठरवली. आपल्याकडे ती दुसरे ठरवतात, तीही दहावीला.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. राष्ट्रीय लॉटरीतून खेळांना मिळणारा पैसा बहुतेक पदकं बघून वळतो, आणि मागे पडलेल्याला कुणी विचारत नाही. पण साठीतल्या बाईसाठी ट्रॅक खुला असतो. आपल्याकडे गुणाची उणीव नाही. त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत शेजारच्या भंडाऱ्याची मयूरी लुटे भारताकडून ट्रॅकवर होती. मला काळजी तिथवर पोचण्याआधीच्या दहा वर्षांची आहे. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, उड्डाणपूल झाले, मेट्रो आली. त्या रस्त्याच्या कडेने सकाळी आठला एखादी आई सायकलवर जाईल, एवढी जागा कुठे ठेवली? दिव्याचे ३ कोटी तिच्या हक्काचे आहेत, त्यावर वाद घालूच नये. वाद या कडेवरून घालायचा.

परवा वहिनीशी बोलले. ती माहेरी असताना रोज पाच किलोमीटर सायकलने शाळेत जायची, हे मला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, रविवारी तुम्ही दोघी जा न फुटाळ्याला, एक सायकल भाड्याने घ्या. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काहून गं, लोक काय म्हणतील?" आणि लगेच, आतल्या खोलीकडे वळून, दादाला: "अहो, त्या सायकलची सीट खाली होते का?"