हळद-मिरीने ‘बंद नसा मोकळ्या’ होतात?

पायांची आग, मुंग्या, रात्री उठवणाऱ्या कळा यांवरचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. झोपताना कोमट दुधात अर्धा चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड घ्या, एकवीस दिवसांत बंद नसा मोकळ्या होतील. दुखणं कुठल्याही कारणाचं असो. संशोधनाने सिद्ध झालंय, साइड इफेक्ट शून्य, कंपन्या दडपून ठेवतात, तेव्हा डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या तरी चालतील. हे शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. हळदीच्या दुधाने सहसा कुणाचं वाकडं होत नाही. गोळ्या मनानेच बंद करणाऱ्यांचं मात्र होतं.

‘संशोधनाने सिद्ध’ इथून सुरुवात करू. संशोधन आहे, आणि ढिगाने आहे, पण बहुतेक उंदरांवरचं. १९८८ पासून वापरात असलेली एक पद्धत अशी: उंदराच्या मांडीतली सायटिक नस, म्हणजे पायाकडे जाणारा जाड मज्जातंतू, उघडी करायची, तिच्याभोवती धाग्याच्या सैल गाठी मारायच्या आणि जखम शिवून टाकायची. थोड्याच दिवसांत तो पंजा इतका हळवा होतो की नायलॉनचा बारीक तंतू टेकवला तरी उंदीर पाय झटकतो. मग काहींना हळदीतलं मुख्य द्रव्य कुर्कुमिन द्यायचं, काहींना नाही, आणि किती जाडीच्या तंतूला कोण पाय उचलतं ते लिहून ठेवायचं. कुर्कुमिन, दारुहळदीतलं बर्बेरिन, कांद्यातलं क्वेरसेटिन, सगळी या परीक्षेत बऱ्यापैकी पास झालेली आहेत. पण ती नस तरुण, धडधाकट उंदराची होती आणि इजा ताजी होती. पासष्टीच्या माणसाची, पंधरा वर्षांच्या साखरेने झिजलेली नस ही वेगळीच गोष्ट आहे. उंदरांत चाललेली कितीतरी वेदनाशामकं माणसांत तोंडावर आपटली आहेत.

माणसांवर काहीच झालं नाही असंही नाही. इराणमध्ये मधुमेहींवर एक छोटी चाचणी झाली, आठ आठवड्यांची, आणि त्रास थोडा कमी झाल्याचं दिसलं. दिलं होतं ते नॅनो-कुर्कुमिन, म्हणजे रक्तात शोषलं जावं म्हणून मुद्दाम बनवलेली कॅप्सूल. दुधात ढवळलेली हळद नव्हे.

आता प्रमाणाचा हिशेब, कारण खरी गोम इथे आहे. मिरीची शिफारस हवेतून आलेली नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कुर्कुमिन दिलं. नुसतं दिलं तेव्हा रक्तात जेमतेम सापडलं. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य दिल्यावर ते प्रमाण वीसपट झालं. फॉरवर्डमध्ये येणारा ‘२००० टक्के’ हा आकडा तो हाच. आकडा खरा आहे, मात्र त्या अभ्यासात कुणाचंही दुखणं मोजलेलं नव्हतं. आणि २ ग्रॅम कुर्कुमिन म्हणजे २ ग्रॅम हळद नव्हे. साध्या हळदीत कुर्कुमिन तीन टक्क्यांच्या आसपास असतं. अर्धा चमचा हळद दीड ग्रॅम धरली तर पोटात जातं ४५ मिलिग्रॅम. बंगळुरूच्या डोसला गाठायचं तर एका वेळी ६५ ग्रॅमच्या वर हळद खावी लागेल, म्हणजे वीसेक चमचे. वर्ध्याकडची वायगावची हळद आणली, जिच्यात कुर्कुमिन सहा टक्क्यांच्या घरात असतं, तरी ३३ ग्रॅम. ते दूध प्यायचं नाही, चमच्याने खरवडायचं. उलट मिरीचं गणित जमतं, आठ-दहा दाण्यांत २० मिलिग्रॅम पायपरीन निघतं. या मिरीकडे पुन्हा यायचं आहे.

‘कंपन्या दडपून ठेवतात.’ याला उत्तर आपल्या तिखटाच्या डब्यात आहे. मिरच्या चिरल्यावर बोटांची आग होते, पाण्याने जात नाही, मग आपण तेल चोळतो. ही आग लावणारं कॅप्सेसिन नसेच्या टोकावरच्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, तीच ग्राही ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. म्हणून मिरची ‘गरम’ लागते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ती ग्राही शोधून काढली आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पाटापुटियन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्याआधीपासून लोक मिरचीचं मलम दुखऱ्या जागी लावतच होते, कारण कॅप्सेसिनचा भरपूर मारा झाला की नसेची ती टोकं काही काळ मिटतात, मागे सरतात. यातूनच आठ टक्के कॅप्सेसिनची पट्टी तयार झाली. अमेरिकेत २००९ मध्ये नागीण गेल्यावर मागे राहणाऱ्या दुखण्यासाठी तिला मान्यता मिळाली, २०२० मध्ये मधुमेहींच्या पायांसाठीही. म्हणजे कंपन्यांनी वनस्पतीतलं द्रव्य दडपलं नाही, उचललं, पेटंट घेतलं आणि चढ्या भावाने विकलं. नफा दिसला की कंपनी मिरचीलाही सोडत नाही. (पट्टीतलं कॅप्सेसिन कारखान्यात बनवलेलं असतं. रेणू तोच, पण ‘नैसर्गिक’वाल्यांची पंचाईत होते खरी.)

पट्टी लावतात कशी तेही पाहा. दवाखान्यातच लावायची. लावणाऱ्याच्या हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत, लॅटेक्सचे पुरत नाहीत. नागिणीच्या जागी एक तास, पायांवर अर्धा तास, मग साफ करणारं जेल, आणि पुढची पट्टी तीन महिन्यांच्या आत नाही. एवढा खटाटोप करून गुण किती? २०१५ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आलेल्या मोठ्या आढाव्यात हिशेब असा होता की सुमारे अकरा जणांना पट्टी लावावी तेव्हा प्लासिबोपेक्षा (म्हणजे खोट्या उपचारापेक्षा) एका जास्तीच्या माणसाला भरीव आराम मिळतो. नसांच्या दुखण्यावर डॉक्टर देतात त्या गोळ्यांपैकी प्रेगाबॅलिनसाठी तोच आकडा आठाच्या जवळ, अमिट्रिप्टिलिनच्या गटासाठी चाराच्या जवळ. म्हणजे गोळ्याही काही जादू करत नाहीत, आणि त्या निराशेतच असले फॉरवर्ड रुजतात, हे मला मान्य आहे. आणि हे वाचून कुणी पायावर मिरची वाटून लावू नका. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला भाजल्याचं कळत नाही.

‘वनस्पतीजन्य, म्हणून साइड इफेक्ट शून्य.’ दारातली सदाफुली घ्या. साखरेसाठी तिची पानं अनशापोटी चावणारे प्रत्येक गल्लीत एक-दोन असतात. याच झाडापासून व्हिन्क्रिस्टिन मिळतं, रक्ताच्या कर्करोगावरचं मोलाचं औषध, आणि त्याचा सर्वांत कुप्रसिद्ध दुष्परिणाम म्हणजे नसांची हानी: बोटांना मुंग्या, बधिरपणा, पाऊल लुळं पडणं. विदर्भातली लाखोळी डाळ दुष्काळात महिनोन् महिने खाऊन पाय कायमचे ताठरलेल्यांचा इतिहास तर आपल्याच घरातला आहे.

आणि ती मिरी. पायपरीन आतड्यात आणि यकृतात औषधं मोडणाऱ्या यंत्रणेला अडवतं, म्हणून तर कुर्कुमिन टिकतं. पण अडवताना ते फक्त कुर्कुमिनकडे बघत नाही. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर कार्बामाझेपिन देतात, आणि त्याचं रक्तातलं प्रमाण २० मिलिग्रॅम पायपरीनने वाढतं हे रुग्णांवर तपासलेलं आहे. फोडणीतल्या मिरीने घाबरायचं कारण नाही. रोज मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्याने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला ते सांगावं. हळदीच्या कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेल्या दहा जणांची तपशीलवार नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आहे. त्यातला एक दगावला.

गोळ्या बंद करण्याबद्दल थोडक्यात. प्रेगाबॅलिन किंवा त्याच जातीची गॅबापेंटिन एकदम सोडली की झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, दुखणं उसळतं. मग माणूस म्हणतो, ‘हळदीचा गुण यायला वेळ लागतोय.’ डोस कमीच करायचा तर डॉक्टरला विचारून, आठवडाभर किंवा जास्त काळ घेऊन, टप्प्याटप्प्याने.

उरलं ‘कुठल्याही कारणाचं’. मधुमेह, नागीण, मनगटात दबलेली नस, कुष्ठरोग, दारू, यांचे उपाय वेगवेगळे आहेत. शिवाय मधुमेहीची आग एकवीस दिवसांत शमली, तर नस सुधारली की मेली, हे पायाला स्पर्श कळतो का ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडे फार वेळा निसटणारं कारण आहे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी घर, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन. हे औषध गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्यावरून सुचलेलं, आणि लांब पल्ल्यात तेच बी-१२ कमी करतं. एका रक्ततपासणीत ही कमतरता कळते आणि वेळेत कळली तर मुंग्या बऱ्याच अंशी जातात. हळदीत बी-१२ नाही, मिरीत नाही. त्या पेल्यात ते थोडंफार असतं ते दुधात, पण एकदा कमतरता झाली की एका पेल्याने ती भरून निघत नाही. त्यासाठी इंजेक्शनं किंवा गोळ्याच लागतात.