युद्ध पाहून आलात, मग गाणं इतकं गुळगुळीत का?

गिटार घेऊन एकट्याने गाणारे, स्वतःच लिहून स्वतःच रेकॉर्ड करणारे कलाकार मी आवडीने ऐकतो. त्यांच्या परिचयात हल्ली एक ओळ हमखास असते: परदेशात, संघर्षाच्या छायेत राहिल्याने ही गाणी घडली. वाचून मोठ्या आशेने गाणं लावावं, तर निघतं काय? सीमा नकोत, आकाश एकच, माणसं सगळी सारखी. अहो, हे सुचायला तिथे जाऊन राहायची काय गरज होती? घरबसल्याही सुचलं असतं.

तिथे होतात ना, मग तिथे काय कानावर पडत होतं ते ऐकवा. एवढीच माझी मागणी आहे.

अमेरिकन लोकगायिका जोन बाएझ व्हिएतनाम युद्धाच्या काळात, डिसेंबर १९७२ मध्ये, उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत हनोईला गेली, ती तिथल्या अमेरिकन युद्धकैद्यांसाठी नाताळचं टपाल घेऊन. सोबत नाझींवरच्या न्यूरेम्बर्ग खटल्यांतले सरकारी वकील टेलफर्ड टेलर होते. १८ तारखेला तिच्याच देशाच्या बी-५२ विमानांनी बॉम्बफेक सुरू केली. नाताळचा दिवस वगळता ती २९ तारखेपर्यंत चालली. २२ ला बाख माई हॉस्पिटल उद्ध्वस्त झालं, २६ ला खाम थिएन रस्त्यावरची घरं. भोंगा वाजला की पाहुणे हॉटेलच्या आवारातल्या बंकरमध्ये पळायचे. बाईंनी टेपरेकॉर्डर सोबत ठेवला होता.

त्यातून १९७३ मध्ये 'व्हेअर आर यू नाउ, माय सन?' ही रेकॉर्ड आली. तिची एक अख्खी बाजू म्हणजे एकच रचना, वीस मिनिटांहून मोठी. भोंगे, तोफा, स्फोट, बंकरमधल्या माणसांचे आवाज, आणि ढिगाऱ्यापाशी मुलाला हाका मारणारी एक आई. रेकॉर्डचं नाव त्या हाकेवरूनच पडलं. बाएझ यात गाते कमी, बोलते जास्त. संगीत म्हणून ही रचना फार उंचीची नाही, पियानो मधेमधे कंटाळा आणतो, हे कबूल. पण भोंगा चढत जातो तेव्हा आपण कान टवकारतो, मागचा आवाज किती जवळचा याचा अंदाज घेऊ लागतो. शांततेवरच्या कुठल्याही गोड कडव्याने माझं असं कधी झालेलं नाही.

'दुसऱ्याचं दुःख विकायचं का?' असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण परिचयातली ती मोघम ओळ तरी दुसरं काय करते? तीही युद्धच विकते, फक्त ते कुठलं हे सांगत नाही.

ब्रिटिश गायक जेम्स ब्लंटचं उदाहरण बघा. १९९९ मध्ये तो कोसोव्होत नाटोच्या फौजेत ब्रिटिश अधिकारी होता. तिथेच त्याने 'नो ब्रेव्हरी' हे युद्धावरचं गाणं लिहिलं. ते त्याच्या पहिल्या अल्बमच्या अगदी शेवटी लागलं, आणि जगाने त्याला ओळखलं ते रेल्वेत दिसलेल्या मुलीवरच्या गाण्याने. मोठी कंपनी, रेडिओ, बाजार... त्या गणितात असंच व्हायचं.

स्वतंत्र कलाकाराला मात्र हे गणित कुणी घातलंय? लांबलचक रचना परवडत नाही म्हणे. खरं आहे, स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरली जाते, मग गाणं दोन मिनिटांचं असो की वीस. पण २०२४ पासून तिथे वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला दमडीही मिळत नाही. बहुतेक नवख्यांचं घोडं तिथेच अडतं. पैसे असेही येणार नाहीत, तर निदान गाणं तरी मनासारखं करा की! टेपरेकॉर्डर आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि परिचयात शहराचं नाव, साल आणि तुम्ही तिथे कोण म्हणून होतात एवढं तरी लिहा. मदतकार्याला, शिकवायला, नोकरीला की फौजेत? बाएझ पाहुणी म्हणून गेली होती, ब्लंट गणवेशात होता. ऐकताना मला हा फरक माहीत असायला हवा.