रोझा पार्क्स पाय दुखत होते म्हणून बसून राहिल्या नव्हत्या

‘दिवसभर शिवणकाम करून पाय दुखत होते, म्हणून रोझा पार्क्स बसमधल्या सीटवरून उठल्या नाहीत’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात, गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार दिला म्हणून या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली, तेव्हा त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शाखेच्या चिटणीस होत्या. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये नेमानं जाणाऱ्या. अंगानं नव्हे, पडतं घेऊन घेऊन दमले होते, असं त्यांनीच पुढे सांगितलं. (ड्रायव्हरही तोच, ज्यानं १९४३ मध्ये त्यांना बसमधून उतरवलं होतं!) मग शहरातल्या कृष्णवर्णीयांचा ३८१ दिवस बसवर बहिष्कार. लोक पायी कामावर गेले. चर्चांनी आपल्या नावावर गाड्या घेऊन त्यांची ने-आण केली. सभाही चर्चमध्येच भरत.