गोळी उपाशीपोटी, वरून ग्रीन टी

आजकाल आमच्या तालुक्यात मेडिकलवर गॅसच्या गोळ्यांशेजारी ग्रीन टीचे डबे मांडलेले असतात. "रोज दोन कप घ्या, अल्सर, म्हणजे जठरातली जखम, होत नाही" असं सांगतात अन् लोक घेतातही.

दावा अगदीच हवेतला नाही. ग्रीन टीत कॅटेचिन नावाची द्रव्यं असतात. अल्सरमागं पुष्कळदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो युरिएज नावाच्या विकरानं (एन्झाइमनं) आपल्याभोवती अमोनिया तयार करतो अन् जठरातल्या आम्लात तग धरतो. प्रयोगशाळेत कॅटेचिननं या विकराला आवर घातलेला दिसला, प्राण्यांत जठराची सूजही उतरलेली दिसली. मग माणसांचं काय? जपानच्या मियागी भागात २६ हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, २००१ मध्ये छापून आला. तो अल्सरचा नव्हता, पण याच जंतूशी जोडलेल्या पोटाच्या कॅन्सरचा होता. ग्रीन टी जास्त पिणाऱ्यांत तो कमी निघाला नाही.

खरा राग मले दुसऱ्याच गोष्टीचा आहे. निंदणाच्या दिवसांत बाया सकाळी कोरा चहा अन् अंगदुखीची गोळी घेऊन शेतात जातात. भाकर दुपारी. डायक्लोफेनॅकसारखी गोळी दुखणं थांबवते, पण जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची द्रव्यंही कमी करते. महिनोन्‌महिने हेच चालते. मग आग पडते, तर पुन्हा गॅसची गोळी. गडीमाणसांचं त्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, हे वेगळंच. अशा पोटाले दोन कप ग्रीन टी काय करणार, सांगा बरं?

बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ मध्ये हा हेलिकोबॅक्टर जंतू स्वतः पिऊन दाखवला, जठराला सूज आली. २००५ मध्ये त्याला रॉबिन वॉरेनसोबत नोबेल मिळालं. म्हणजे या जंतूचा इलाज आहे, अँटिबायोटिक अन् आम्ल कमी करणारी गोळी, साधारण १४ दिवस. तपासणी करून घ्या. शौचाला काळं डांबरासारखं होत असेल, वजन उतरत असेल, तर मेडिकलवाल्याले विचारत बसू नका, दवाखान्यात जा.

ग्रीन टी आवडत असेल तर खुशाल प्या. फक्त जेवणावर लगेच नको, चहानं अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, अन् आपल्याकडच्या बायांत रक्त आधीच कमी. अर्काच्या कॅप्सूल तर नकोच, त्यानं यकृताला इजा झालेली माणसं आहेत.